घरदुरुस्तीसाठी कोणतं कर्ज घ्यावं? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात गच्ची गळते, भिंतीला ओल धरते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास घराचं काम काढायचं ठरतं. कर्जाची चौकशी तिथून सुरू होते. पण सिडकोतलं रो-हाउस, जुन्या नाशकातला वाडा, गंगापूर रोडचा फ्लॅट आणि निफाडकडचं मळ्यातलं घर या सगळ्यांना एकच कर्ज चालत नाही. त्यामुळे खालची उत्तरं घर, कागदपत्रं आणि काम पाहून दिली आहेत. व्याजदराची उदाहरणं हिशेब समजण्यापुरती आहेत. तुमचा दर तुम्हाला तुमच्या बँकेतच कळेल.

आधी बँकेत जायचं की मिस्त्रीकडे?

आधी घर नीट बघायचं. काय मोडलंय, काय गळतंय आणि काय नुसतं जुनं दिसतंय याच्या वेगवेगळ्या याद्या करा. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या असतील, वायरिंग जुनं झालं असेल किंवा ड्रेनेज तुंबत असेल, तर ही कामं कर्ज काढून केली तरी चालतात, कारण ती लांबवली की खर्च वाढतच जातो. फॉल्स सीलिंग, नवा सोफा, दिवाणखान्याचा रंग यांना मात्र शक्यतो साठवलेले पैसे वापरावेत.

कर्ज निवडताना एक गोष्ट सोडू नका: काम जितकी वर्षं टिकेल, त्याआधी कर्ज संपलं पाहिजे. बाहेरचा रंग चार-पाच वर्षांत उडतो. त्यासाठी पंधरा वर्षांचं कर्ज घेतलं, तर पहिल्या रंगाचे हप्ते चालू असतानाच आणखी दोनदा रंग द्यावा लागेल. वरच्या मजल्यावर खोली बांधायची असेल तर दहा-पंधरा वर्षांची मुदत योग्य आहे, कारण ती खोली मुलांनाही पुरणार आहे. कोणतं कर्ज, किती वर्षं, हे बरंचसं इथंच ठरतं.

या कामासाठी कोणकोणती कर्जं मिळतात?

घर तारण ठेवून मिळणारं घरदुरुस्ती कर्ज, चालू गृहकर्जावरच मिळणारं वाढीव कर्ज म्हणजे टॉप-अप, विनातारण वैयक्तिक कर्ज, सोनेतारण आणि ठेवीवरचं कर्ज हे मुख्य प्रकार. खोली वाढवायची असेल तर बँका त्याला घरविस्तार कर्ज म्हणतात आणि त्यासाठी मंजूर नकाशा लागतो. दुकानदार किंवा मॉड्युलर किचनवाले देतात ती हप्त्याची सोयही एक कर्जच आहे, फक्त त्यावर तशी पाटी नसते.

ज्याचा हप्ता कमी, ते कर्ज चांगलं ना?

नाही. सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं, म्हणून आकडेच पाहू.

पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज १३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण ११,३७७ रुपये येतो आणि एकूण व्याज १ लाख ८२ हजारांच्या पुढे जातं. तेच पाच लाख घर तारण ठेवून ९ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता फक्त ५,०७१ रुपये. ऐकायला हे बरं वाटतं, पण पंधरा वर्षांत भरलेलं व्याज ४ लाख १२ हजारांवर जातं. दर कमी असूनही व्याज दुपटीहून जास्त झालं, कारण मुदत तिप्पट आहे.

आता ९ टक्क्यांचंच कर्ज पाच वर्षांत फेडा. हप्ता १०,३७९ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख २३ हजार. म्हणजे स्वस्त दर आणि छोटी मुदत एकत्र आली तरच फायदा होतो. उत्पन्नाची खात्री नसेल तर मुदत थोडी लांब घ्या, पण हातात पैसे आले की मुद्दलात भरत राहा. अशी जादा रक्कम भरल्यावर हप्ता कमी करायचा की मुदत, असं बँक विचारते. तेव्हा मुदत कमी करायला सांगा.

मग प्रत्येक वेळी घर तारण ठेवावं का?

रक्कम लहान असेल तर नाही. दोन लाख तीन वर्षांत फेडायचे असतील, तर १३ आणि ९ टक्क्यांतला व्याजाचा फरक जेमतेम साडेतेरा हजार रुपये पडतो. तारण कर्जाला वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल), मूल्यांकन, प्रक्रिया शुल्क व त्यावरचा १८ टक्के जीएसटी आणि गहाणाचं मुद्रांक शुल्क लागतं. शिवाय महाराष्ट्रात मूळ कागद ठेवून घर गहाण टाकलं की ३० दिवसांच्या आत त्याची सूचना दुय्यम निबंधकांकडे नोंदवावी लागते. तिचाही खर्च आहेच. हे सगळं जमेला धरलं की साडेतेरा हजारांतलं फारसं काही उरत नाही आणि घराचे मूळ कागद तीन वर्षं बँकेत अडकतात. माझ्या मते तीन लाखांच्या आतल्या कामाला आधी ठेवीवरचं कर्ज, मग सोनं, मग वैयक्तिक कर्ज या क्रमाने विचार करावा.

गृहकर्ज आधीपासून चालू आहे. टॉप-अप घ्यावं का?

हप्ते वेळेवर गेले असतील तर बहुतेकांना हाच सोपा मार्ग आहे. कागद बँकेत आहेतच, तुमची परतफेड बँकेला माहीत आहे आणि दर गृहकर्जाच्या जवळपास असतो. टॉप-अपची मुदत मात्र मूळ कर्जाइतकी ठेवू नका. गृहकर्जाची सतरा वर्षं शिल्लक आहेत म्हणून टाइल्सचे पैसेही सतरा वर्षं फेडायचे, असं नसतं. वेगळी, छोटी मुदत मागून घ्या.

बँकेत जाणारच आहात तर जुन्या कर्जाचा दरही विचारा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाह्य निर्देशांकाला, बहुतेक ठिकाणी रेपो दराला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला), जोडलेली आहेत. २०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. तुमचं कर्ज ऑक्टोबर २०१९ च्या आधीच्या जुन्या पद्धतीचं असेल किंवा गृहवित्त कंपनीचं असेल, तर ही घट तुमच्यापर्यंत पोचली का ते तपासा. थोडं शुल्क भरून दर बदलून मिळतो आणि काही वेळा त्या बचतीतूनच दुरुस्तीचा बराच खर्च निघतो.

सिडकोचं घर आहे, वर एक मजला आधीच चढवलाय. कर्ज मिळेल?

नवीन नाशिकमध्ये हा प्रश्न घरोघरी आहे. सिडकोने दिलेलं घर भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असेल तर गहाण ठेवायला सिडकोचं ना-हरकत पत्र लागतं आणि घर तुमच्या नावावर रीतसर हस्तांतरित झालेलं असावं लागतं. नुसतं कुलमुखत्यारपत्रावर घेतलेलं घर असेल तर बहुतेक बँका तिथेच थांबतात.

वाढीव मजल्याला परवानगी नसेल तर बँकेचा मूल्यांकनकार तो भाग किमतीत धरत नाही. मंजूर नकाशात जेवढं आहे तेवढ्यावरच कर्ज बसतं. म्हणून कर्जाचा अर्ज देण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात ते बांधकाम नियमित होईल का, याची चौकशी एखाद्या परवानाधारक अभियंत्यामार्फत करून घ्या. अर्ज एकदा नाकारला गेला की त्याची चौकशी क्रेडिट अहवालात (तुमच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदीत) राहते आणि दुसऱ्या बँकेत गेल्यावर तुम्हालाच स्पष्टीकरण द्यावं लागतं.

जुन्या नाशकात वडिलोपार्जित वाडा आहे. त्यावर कर्ज निघतं का?

निघतं, पण कागद आधी सरळ करावे लागतात. भद्रकाली, तिवंधा, सराफ बाजार, पंचवटी या भागांतल्या अनेक वाड्यांच्या मिळकत पत्रिकेवर अजून आजोबा-पणजोबांची नावं आहेत. वारसनोंद झाली नसेल तर बँक फाइल उघडत नाही. नोंद झाली असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांना गहाणावर सही करावी लागते. एक काका पुण्यात, एक आत्या सुरतेला आणि त्यांची मुलं आणखी कुठे, असं असलं तर सह्यांनाच महिने लागतात. तेवढा वेळ धरूनच काम ठरवा.

भाडेकरू असाल तर वाडा तारण ठेवता येणार नाही, कारण तो तुमचा नाही. तो राहण्याजोगा ठेवणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. त्यासाठी स्वतःच्या नावावर मोठं कर्ज घेण्याआधी मालकाला लेखी नोटीस द्या.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. लाकडी तुळया खचल्या असतील, मातीच्या भिंती फुगल्या असतील, तर फरशी आणि रंगासाठी कर्ज काढू नका. आधी संरचनात्मक तपासणी करून घ्या. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. त्या कागदाकडे दुर्लक्ष करून आतून घर सजवणं म्हणजे माणसांचा जीव आणि पैसा दोन्ही धोक्यात घालणं आहे.

घर गोदावरीच्या काठाजवळ आहे. काही वेगळं बघावं लागेल?

पूररेषा. २००८ च्या महापुरानंतर नाशिकमध्ये निळी आणि लाल पूररेषा आखली गेली. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला सर्वसाधारणपणे मनाई आहे, निळ्या-लाल रेषांमधल्या पट्ट्यात अटी आहेत. अशा घराला आतली दुरुस्ती करता येते, पण विस्ताराचं कर्ज मिळणं अवघड. काम करताना वीजमीटर, स्विचबोर्ड आणि पाण्याचा पंप वर घ्या. काठावरच्या घरात पहिला खर्च हाच असावा.

दुरुस्तीला महापालिकेची परवानगी लागते का?

गिलावा, रंग, फरशी बदलणं, छपराची कौलं किंवा पत्रे बदलणं यांसारख्या कामांना २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे परवानगी लागत नाही. खांब-तुळयांना हात लावणं, खोली वाढवणं, बाल्कनी आत घेणं यांना लागते. सोसायटीत असाल तर सोसायटीचं पत्र वेगळं. देवळाली कॅम्पात ही परवानगी महापालिकेची नसून कॅन्टोन्मेंट बोर्डाची असते.

पतसंस्थेत लगेच मिळतं म्हणतात. घ्यावं का?

आपल्याकडे पतसंस्था आणि नागरी सहकारी बँका गल्लोगल्ली आहेत. ओळखीने काम होतं, पगारपत्रक नसलेल्या रिक्षावाल्याला किंवा भाजीविक्रेत्यालाही दारात उभं करतात. हे त्यांचं मोठं काम आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. पण दोन्हींत फरक आहे. सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण असतं, पतसंस्था सहकार खात्याखाली येते. त्यामुळे खाली केएफएस (कर्जाचं मुख्य तथ्यपत्रक) आणि मुदतपूर्व परतफेडीचे जे नियम दिले आहेत, ते पतसंस्थेला तसेच लागू होतील असं धरून चालू नका. सगळं लेखी विचारा.

कर्जाच्या प्रमाणात शेअर्स घ्यावे लागतात का आणि ते पैसे कर्जातूनच कापले जातात का, तेही विचारा. तीन लाख मंजूर होऊन हातात कमी आले तरी व्याज तीन लाखांवरच लागतं.

जामीनदार व्हा म्हणून मित्राने विचारलंय. नुसती सहीच तर आहे ना?

नुसती सही नाही. कराराच्या कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवते आणि त्यावर जामीनदाराच्या पगारावरही जप्ती येऊ शकते. शिवाय तुमच्या क्रेडिट अहवालात ते कर्ज दिसतं. त्याचे हप्ते आपण भरू शकू, इतकी तयारी असेल तरच सही करा.

“फक्त ८ टक्के” असं सांगितलं जातं, ते खरं असतं का?

विचारा: फ्लॅट की घटत्या शिलकीवर? पाच लाखांवर ८ टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांचं दोन लाख व्याज आधीच मिळवून हप्ता ११,६६७ रुपये. तुम्ही मुद्दल फेडत जाता, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण पाच लाखांवर. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर सुमारे १४ टक्के होतो, म्हणजे वरच्या १३ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जापेक्षाही महाग.

किचनवाला शून्य टक्के हप्त्यावर देतोय. मग काय हरकत आहे?

रोख दिले तर किंमत किती, हे विचारा. रोखीची जी सूट तुम्ही सोडता तेच व्याज. प्रक्रिया शुल्क वेगळं. क्रेडिट कार्डावर हप्ते केले असतील तर व्याजावर जीएसटीही लागतो.

घरात सोनं पडून आहे. ते ठेवावं का?

सहा महिने-वर्षात पैसे येणार असतील तर उत्तम पर्याय. कागदपत्रं कमी, पैसे त्याच दिवशी. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांप्रमाणे अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. बँक आणि वित्त कंपनी यांच्या दरांत मोठी तफावत असते, म्हणून दोन-तीन ठिकाणी फिरा. दरवर्षी नुसतं व्याज भरून नूतनीकरण करत राहिलात तर मुद्दल जागचं हलत नाही. आईचं सोनं असेल तर तिला विचारून, तिच्या नावाने पावती करूनच ठेवा.

पीएफ, पीपीएफ किंवा ठेव मोडावी का?

ठेव मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक ते दोन टक्के जास्त पडतात आणि ओव्हरड्राफ्ट घेतला तर वापरलेल्या रकमेवरच व्याज. पीपीएफवर खातं उघडल्यानंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात कर्ज मिळतं, तेही खात्याच्या दरापेक्षा एकच टक्का जास्त व्याजाने, आणि मुद्दल ३६ महिन्यांत फेडायचं असतं. नोकरदारांना भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढता येते. ती परत भरायची नसते, म्हणूनच ती म्हातारपणातून कमी होते. निवृत्ती जवळ आली असेल तर तिला हात लावू नये असं मला वाटतं.

आयकरात सवलत मिळते का?

थोडी. स्वतः राहता त्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावर जुन्या करपद्धतीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचं व्याज वजा होतं आणि तेही गृहकर्जाच्या दोन लाखांच्या मर्यादेतच धरलं जातं. दुरुस्तीच्या मुद्दलावर ८०सी सारखी वजावट नाही. नव्या करपद्धतीत राहत्या घराला काहीच नाही. मात्र घर भाड्याने दिलं असेल तर मिळालेल्या भाड्यातून व्याज वजा करता येतं. करसवलतीसाठी म्हणून दुरुस्तीचं कर्ज घेऊ नका, ३०,००० वर वाचणारा कर फार थोडा असतो. वैयक्तिक कर्ज घेतलं आणि पैसे घरालाच लावले असतील तर बिलं जपून ठेवा.

पंतप्रधान आवास योजनेतून दुरुस्तीला अनुदान?

व्याज अनुदानासाठी कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्कं घर नसावं अशी अट आहे. त्यामुळे पक्क्या घराच्या दुरुस्तीला ते मिळत नाही. कोणी एजंट मिळवून देतो म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका.

गच्चीची दुरुस्ती करतोच आहे. सोबत सोलर बसवावं का?

हो, पण वॉटरप्रूफिंग आधी आणि पॅनेल नंतर. सांगाडा बसल्यावर खालचा कोबा दुरुस्त करणं फार त्रासाचं होतं. सोलरचे पैसे दुरुस्तीच्या कर्जात मिसळू नका. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि सरकारी बँका त्यासाठी कमी दराचं विनातारण कर्ज वेगळं देतात.

सिंहस्थासाठी वरच्या खोल्या करून भाड्याने देऊ का?

ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. म्हणजे गर्दी मोजक्या आठवड्यांची आणि हप्ते मात्र पुढची कित्येक वर्षं. त्या खोल्या एरवीही तुमच्या कुटुंबाच्या किंवा नियमित भाडेकरूच्या उपयोगी पडणार असतील तरच बांधा. अजून न आलेलं भाडं बँक उत्पन्नात धरत नाही. तुम्हीही धरू नका.

आमचं उत्पन्न द्राक्षांवर. दरमहा हप्ता कसा भरायचा?

सहामाही हप्ता मिळेल का, हे सहकारी बँकेत आधी विचारा. मिळत नसेल तर माल गेल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, वर्षभराचे हप्ते वेगळ्या खात्यात टाका आणि हप्ता तिथूनच कापू द्या. पीक कर्जाचा पैसा घराला लावू नका. पुढच्या छाटणीला हात आखडतो आणि गारपीट झाली तर दोन्ही कर्जं एकदम थकतात.

सही करण्यापूर्वी कोणता कागद वाचायलाच हवा?

केएफएस, म्हणजे मुख्य तथ्यपत्रक. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना प्रत्येक किरकोळ (रिटेल) कर्जासाठी ते द्यावं लागतं, तुम्हाला समजेल अशा भाषेत. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा हे सगळं धरून तो काढतात, म्हणून दोन बँकांची तुलना याच आकड्यावर करा. ते पत्रक दिल्यावर किमान तीन कामाचे दिवस त्या अटी कायम राहतात. घरी न्या, वाचा, जाणत्या माणसाला दाखवा.

मुदतपूर्व परतफेडीचं शुल्कही त्यातच शोधा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या, व्यवसायासाठी नसलेल्या वैयक्तिक कर्जदारांच्या बदलत्या दराच्या कर्जावर असं शुल्क घेता येत नाही. स्थिर दराच्या कर्जावर, म्हणजे बहुतेक विनातारण कर्जांवर, ते असू शकतं. कर्जासोबतचा विमा सक्तीचा आहे असं कोणी सांगितलं तर तसं लेखी मागा.

पैसे एकदम मिळतात का?

घरदुरुस्ती कर्जात बहुधा टप्प्याटप्प्याने, अभियंत्याच्या अंदाजपत्रकाप्रमाणे काम पाहून. ठेकेदारालाही तसेच द्या. अर्धी रक्कम आगाऊ मागणाऱ्याला सांभाळून. अंदाजपत्रकात दहा-पंधरा टक्के जादा धरा, कारण जुनी फरशी उखडली की खालची पाइपलाइन दिसते आणि तिथे खर्च वाढतो. ते पैसे मध्येच दुसऱ्या कर्जातून उभे करणं महाग पडतं.

अ‍ॅपवर पाच मिनिटांत कर्ज मिळतं, ते?

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर कर्ज देणाऱ्या अ‍ॅपची यादी आहे. तिच्यात नाव नसेल तर फोनमध्ये घेऊच नका. कर्ज मंजूर करण्याआधी “फी” मागणारा प्रत्येक जण फसवणारा समजा.

बँकेने ऐकलं नाही तर?

आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्थेविरुद्ध तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे.

कर्ज फिटलं. आता काय करायचं?

बँकेकडून कर्ज संपल्याचा दाखला घ्या. घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कागद हातात येताच खरेदीखत, सूची दोन (इंडेक्स-२, खरेदीच्या नोंदणीचा उतारा), जुनी साखळी खतं (आधीच्या मालकांची खरेदीखतं) जमा करताना मिळालेल्या यादीशी ताडून पाहा. सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा चढवला असेल तर तो कमी करण्याचा अर्ज तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात लगेच द्या. दोन महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढून कर्ज “बंद” दिसतंय का ते बघा. प्रत्येक क्रेडिट संस्थेकडून वर्षातून एक अहवाल मोफत मिळतो.